एकशे अठरावा लॉट

प्रिय मुकादमीणबाई,

फोन तू उचलत नाहीस. परवा तुझ्या वहिनीने उचलला आणि "त्या झोपल्यात" म्हणाली. सकाळी साडेअकरा वाजता! त्या बिचारीला खोटं बोलता येत नाही, तिला कशाला या कामाला लावतेस? पाठदुखीची रजा टाकून भावाकडे जाऊन बसलीस, ठीक आहे. पण तुझी पाठ दुखत नाही, हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तुला माहीत आहे. म्हणून पत्र. पत्राला झोपल्यात म्हणून परत पाठवता येत नाही. रविवारची दुपार आहे, कपडे दोरीवर टाकलेत, आई आतल्या खोलीत रेडिओ लावून पडली आहे, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहितेय.

आधी माझी खबर. माझी बदली पॅकिंगमध्ये केली, हे तुझ्या कानावर आलं असेलच. प्रयोगशाळेतला पांढरा कोट काढून घेतला आणि खाकी एप्रन हातात दिला. खरेदीच्या साहेबांना वाटलं असेल, बाई दोन दिवस मुसमुसेल आणि तिसऱ्या दिवशी पाय धरायला येईल. मी काय केलं सांगू? पहिल्याच दिवशी तिथल्या सहा जणींना धातू वितळवायची मूस वाजवून बघायला शिकवलं. गवतात गुंडाळायच्या आधी लाकडी हातोडीने हलकेच टिचकी मारायची. चांगली मूस घंटेसारखी बोलते, तडा गेलेली नुसती थप्प करते. गेल्या आठवड्यात आम्ही एकवीस मुशी बाजूला काढल्या. रवानगीचा कारकून धावत आला, "हे तुमचं काम नाही" म्हणाला. आमच्यातली सगळ्यांत लहानखुरी, ती जाड चष्म्याची, त्याच्या हातात हातोडी देत म्हणाली, "मग तुम्ही वाजवा." त्याने वाजवली. दोन वाजवल्या. मग कसनुसं तोंड करून आल्या वाटेने परत गेला. तेव्हा माझी काळजी करू नकोस. मला जिथे टाकतील तिथे मी त्यांना पुरून उरेन.

आता मुद्द्यावर येते. तुला सगळं माहीत आहे, तरी मला ते एकदा सुरुवातीपासून ओळीने लिहून काढायचंय. मी बोलायला लागले की फाटे फुटतात, अशी तुझीच तक्रार असते. लिहिताना तरी सरळ जमतंय का बघते.

तुझ्या हाताखाली आले तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. तू माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, पण पहिल्याच दिवशी अहो-जाहो बंद करायला लावलंस. मला ग्राफाइट म्हणजे पेन्सिल एवढंच ठाऊक. कारखान्यात मुशी बनतात, त्यांत ओतारी लोक पितळ, तांबं, ॲल्युमिनियम वितळवतात, हेही मला मुलाखतीच्या दिवशीच कळलं होतं. तू टेबलावर दोन पांढरे कागद पसरलेस. एकावर चिमूटभर खवल्यांचं ग्राफाइट टाकलंस, दुसऱ्यावर भुकटीचं. "चोळून बघ," म्हणालीस. खवले माशाच्या खवल्यांसारखे चमकत होते, बोटांत धरले की एकावरून एक निसटत होते, तेल लावल्यासारखे. भुकटी मात्र मातकट, चमक नसलेली, कोळशाच्या धुळीसारखी. मी म्हटलं, हे ग्राफाइट नाही. तू म्हणालीस, "दोन्ही ग्राफाइटच. जमिनीतून दोन्ही निघतात. भुकटी पेन्सिलीत घाल, बॅटरीच्या सेलमध्ये घाल, रंगात घाल, कुलूप अडकलं तर भोकात फुंक. कुठेही घाल. पण मुशीला खवलेच पाहिजेत. ते मातीत आडवे बसतात, भिंतभर, उष्णता झरझर सगळीकडे नेतात आणि भिंतीला तडकू देत नाहीत. भुकटी आगीत लवकर जळून जाते. मग उरते नुसती मातीची भिंत, आणि पोटात लाल धातू. मुशीत भुकटी आली तर कुणाचे तरी पाय जातील."

हे तुझे शब्द आहेत, मुकादम. एक शब्द मी पदरचा घातलेला नाही.

तुला मुकादम हे नाव मीच ठेवलं, कारण तू चहाच्या सुट्टीतसुद्धा कोण कुठे बसणार ते ठरवायचीस. आणि तू मला लंबूटांग म्हणालीस, कारण वरच्या फळीवरची चाळणी मी स्टुलाशिवाय काढायचे. किती हसलो ग त्या खोलीत. तुला आठवतं, आपल्या टेबलावरून उडालेली भुकटी भिंतीवरच्या स्विचच्या डब्यात शिरली आणि सगळी वीज गेली? वायरमन डबा उघडून बघतच राहिला. "बाई, ही धूळ नाही, ही तार आहे तार. हिच्यातून करंट धावतो," असं म्हणून त्याने आपल्याला असं झापलं की तू, जी साहेबांचंही ऐकत नाहीस, ती मान खाली घालून उभी होतीस. त्या दिवसापासून तू रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने डब्याच्या फटी पुसायचीस. तू अशी होतीस. चाळणीची एक जाळी सैल झाली तर पूर्ण दिवसाची तपासणी पुन्हा करायला लावणारी. मी वैतागून म्हणायचे, कोण बघतंय? तू म्हणायचीस, मी बघतेय ना.

मग माझं खूळ. मदतनिसाला केमिस्ट व्हायचं असेल तर पदवी लागते, हा नियम मला खुपायचा. चाळिशी उलटल्यावर मी बाहेरून परीक्षा द्यायला बसले. रजा मागितली तर खरेदीचे साहेब म्हणाले, "या वयात? नातवंडं सांभाळायची सोडून?" मला मूलच नाही, नातवंडं कुठून आणू! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि मी ठरवलं, आता तर देणारच. सगळे पेपर सुट्टीच्या दिवशी आले. शेवटचा एक तेवढा मंगळवारी आला. तू म्हणालीस, "जा तू. तुझं हजेरीचं कार्ड मी पंच करते. दोघींचं काम मी उरकते, त्यात काय एवढं." मी आढेवेढे घेतले. खरं सांगते, फार घेतले नाहीत.

त्या पेपरात काय आलं होतं, तुला बुधवारी सांगितलं तेव्हा तू पोट धरून हसलीस. हिरा आणि ग्राफाइट यांच्या रचनेतला फरक स्पष्ट करा, गुण पाच. एवढं आयतं! मी लिहीत सुटले. दोन्ही कार्बनच, पण हिऱ्यात कण चारी बाजूंनी एकमेकांना घट्ट धरून बसलेले, म्हणून कठीण. ग्राफाइटमध्ये त्यांचे पातळ थर, थराथरांतली पकड ढिली, म्हणून मऊ, म्हणून कागदावर उमटतं, म्हणून यंत्राच्या सांध्यात तेलासारखं चालतं. मग मूस, मग वायरमन, मग विजेच्या मोटरीतले कार्बनचे ब्रश. पाच गुणांसाठी तीन पुरवण्या! घंटा वाजली तेव्हा शेवटचे दोन प्रश्न कोरे होते. तरी पास झाले. सेहेचाळिसाव्या वर्षी पदवी. निकालाच्या दिवशी तू माझ्या आधी रडलीस.

आणि आपण दोघी हसत होतो त्या बुधवारी, ग्राफाइटच्या पोत्यांचा एकशे अठरावा लॉट मिश्रणात जाऊन बसलेला होता.

चार महिन्यांनी ती बाई फाटकावर आली. पहारेकरी तिला आत सोडत नव्हता. मी सुटून बाहेर पडत होते. तिने जुन्या चादरीचं गाठोडं उघडलं, आत फुटलेल्या मुशीचे तुकडे. तिचा नवरा ओतारी, नळाच्या तोट्या ओतणाऱ्या छोट्या कारखान्यात. भट्टीतून चिमट्याने मूस उचलली आणि ती मधोमध उकलली. वितळलेलं पितळ दोन्ही पावलांवर. आपल्या कारखान्याने लेखी कळवलं होतं की मूस ओली असताना भट्टीत ठेवली असणार, चूक वापरणाऱ्याची. ती बाई ओरडत नव्हती. मला म्हणाली, "ताई, दहा वर्षं झाली, ते मूस आधी कडेला ठेवून तापवतात, मगच आत सोडतात. घरी स्वतःच्या आंघोळीचं पाणी तापवायला विसरतील, पण मूस तापवायला नाही विसरणार. तुम्ही आत काम करता ना? एकदा बघा तरी." मी एक तुकडा घेतला. बुडाचा होता, त्यावर लॉटचा आकडा उठवलेला, एकशे अठरा.

दुसऱ्या दिवशी तू यायच्या आधी मी तो भिंगाखाली धरला. ताज्या तुटलेल्या कडेला खवले कसे चमकतात, मला झोपेतही ओळखता येईल. तिथे चमक नव्हती. आतला भाग कोळशाच्या धुळीसारखा, मातकट. भुकटी, मुकादम. पोत्यांवर शिक्का खवल्यांचा आणि आत भुकटी. मी नोंदवही उघडली. एकशे अठरा, मंगळवार, चाळणीवर उरलेले खवले शेकडा चौऱ्याऐंशी पूर्णांक तीन, राख सहा पूर्णांक एक. खाली तुझी सही. वरच्या ओळीत एकशे सतरा, सोमवार, शेकडा चौऱ्याऐंशी पूर्णांक तीन, राख सहा पूर्णांक एक. खाली माझी सही. दोन लॉट असे दशांशापर्यंत जुळे निघत नाहीत, हे तूच मला शिकवलंस. तू माझे आकडे उतरवले होतेस.

मी तुला हात धुण्याच्या जागी गाठलं. तू साबणाने हात चोळत होतीस, सारखी चोळत होतीस. ग्राफाइट साबणाने जात नाही, आधी तेल लावावं लागतं, हे पहिल्या आठवड्यात मला कुणी सांगितलं होतं? मी विचारलं. तू नळ बंद केलास आणि एका दमात सांगितलंस. त्या दिवशी चार लॉट होते आणि तू एकटी. खरेदीचे साहेब दारात उभे, तीनला मिश्रण लावायचंय, माल जुन्याच खाणीतला आहे, आधीचेच आकडे टाका. चारांतले तीन तू चाळलेस, एकशे अठरा राहिला. मग तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "मी तोंड उघडलं तर आधी तुझं कार्ड निघेल. तुझी पदवी, तुझी नोकरी, सगळं जाईल. तुझ्यासाठी गप्प बसलेय मी."

त्याचं उत्तर आता देते. माझ्यासाठी गप्प बसू नकोस. तू एकटी पडलीस ती माझ्यामुळे, हे मी आयुष्यभर नाकारणार नाही. परीक्षा माझी, कार्ड माझं, गैरहजेरी माझी. पण त्या सगळ्याचं ओझं वाहून तू जी गप्प राहणार, ते मला नको. मी मागितलेलं नाही.

नंतर साहेबांनी आपल्याला आत बोलावलं. काचेचं टेबल, कागद टाइप केलेला तयार. 'लॉट क्रमांक एकशे अठरा आम्ही दोघींनी मिळून तपासला व तो योग्य आढळला.' साहेब माझ्याशी इतकं गोड कधी बोलले नव्हते. "तुमची हजेरी आहेच त्या दिवसाची. आणि केमिस्टची जागा रिकामी होतेय, तुम्ही आता पदवीधर. सही करा, बाकी मी बघतो." बघ ना, ज्या माणसाने नातवंडं सांभाळायला सांगितलं, तोच मला केमिस्ट करायला निघाला. तू पेन घेतलंस आणि सही केलीस. वाचलंही नाहीस. तू, जी बरणीवरची चिठ्ठीसुद्धा दोनदा वाचतेस. पेन माझ्यापुढे सरकवलंस. मी पेनाचं टोपण लावलं आणि म्हटलं, "साहेब, त्या दिवशी मी इथे नव्हतेच." ते म्हणाले, "म्हणजे हजेरी खोटी? दोघींची नोकरी जाईल, कळतंय का?" मी म्हटलं, कळतंय. बस, एवढंच. तू खाली बघत होतीस म्हणून तुला सांगते, साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दुसऱ्या दिवशी मी पॅकिंगमध्ये आणि तू रजेवर.

त्यानंतर एक गोष्ट घडली ती तुला माहीत नाही. मी त्या ओताऱ्याला भेटायला गेले. एका खोलीचं घर, खिडकीशी खाट, डाव्या पावलाची बोटं काढलेली, उजवं अजून बांधलेलं. पस्तिशीचा असेल. मी कोण ते सांगितलं. मला वाटलं, शिव्या देईल. त्याने बायकोला मला खुर्ची द्यायला सांगितलं आणि थोड्या वेळाने हळूच विचारलं, "ताई, कदाचित माझंच चुकलं असेल का? मी रोज तापवतो मूस. पण त्या दिवशी नीट तापवली की नाही, आता मला आठवेनासं झालंय. सगळे म्हणतात ओली होती. असेलही." मुकादम, त्याचे पाय बघून मला रडू आलं नव्हतं, पण हे ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली. आपण त्याचे पाय घेतले ते घेतलेच, आता त्याच्याकडून त्याची दहा वर्षांची सवयसुद्धा काढून घेतोय. त्याला स्वतःच्या हातांवर भरवसा उरला नाही. मी म्हटलं, "दादा, तुमचं काही चुकलेलं नाही. मूस ओली नव्हती, मूस खोटी होती. तिच्यात जे असायला हवं ते आम्ही घातलंच नव्हतं." त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याची बायको माझ्यासमोर येऊन म्हणाली, "हे सगळ्यांसमोर बोलाल?" मी हो म्हटलं. तिथे बसून नाही म्हणणारी बाई अजून जन्मायची आहे.

आईला सगळं सांगितलंय. ती म्हणाली, नोकरी गेली तर काय करशील? मी म्हटलं, मुलांच्या शिकवण्या घेईन, हिरा आणि ग्राफाइट तर तोंडपाठ आहे. ती हसली नाही, पण रेडिओचा आवाज कमी करून माझ्या शेजारी येऊन बसली. मला भीती वाटते, ग. रोज सकाळी फाटकातून आत जाताना वाटते. पण त्या टाइप केलेल्या कागदाखाली माझी सही असती, तर फाटकातून आत जायला मला जास्त भीती वाटली असती.

आता हे पत्र कशासाठी, ते. त्या बाईच्या तक्रारीवरून कारखाना निरीक्षक शुक्रवारी अकरा वाजता चौकशीला येतोय. त्याने माझ्याकडे साक्षीदारांची यादी लेखी मागितली होती, ती मी काल दिली. त्यात दोन नावं आहेत. पहिलं माझं, दुसरं तुझं. तुला न विचारता दिलं, आणि विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस म्हणूनच विचारलं नाही. गुरुवारपर्यंत तुला सरकारी पाकीट येईल. ते हातात पडायच्या आधी तुला माझ्याकडून कळावं, एवढाच या पत्राचा हट्ट. मी आधी माझ्या खोट्या हजेरीचंच सांगणार आहे, म्हणजे त्या कार्डाची भीती तुला पुन्हा कुणी घालू शकणार नाही. मग सांगेन की एकशे अठराच्या ओळीतले आकडे माझ्या एकशे सतराचे आहेत. पण त्या दुपारी दारात कोण उभं होतं आणि काय म्हणालं, हे ऐकणारी तू एकटीच आहेस. ते मी सांगितलं तर ऐकीव, तू सांगितलंस तर साक्ष. तू आली नाहीस, तर सगळा दोष तुझ्या सहीवर येऊन थांबेल आणि साहेब मोकळे सुटतील. हे मला होऊ द्यायचं नाही, त्या ओताऱ्यासाठी आणि तुझ्यासाठीही. माझ्यावर रागव, वाटेल ते बोल, पण शुक्रवारी अकरा वाजता समोर येऊन बोल. तुझं नाव मी खोडणार नाही.

तुझीच, कायम तुझ्याच बाजूची,
लंबूटांग